द्रव्यचिंतन आणि दांपत्य

आपल्या साहित्यसमीक्षेनें काव्य, नाटक, कथा, चरित्र आणि निबंध यांची मोजदाद मोठ्या काटेकोरपणें केली आहे. परंतु पुस्तकांच्या कोणत्याहि दुकानांत अगदीं दर्शनी भागीं मांडलेला एक प्रकार तिच्या वहींत नोंदलेला आढळत नाहीं. श्रीमंत कसें व्हावें, मन कसें घडवावें, पैशाविषयींचा विचार पालटून आयुष्य कसें पालटावें, हें सांगणाऱ्या ग्रंथांचा हा प्रकार होय. त्यांतील पुष्कळ ग्रंथ आतां मराठींतहि उतरले आहेत. ज्या घरांत वर्षाकांठीं एकहि कादंबरी विकत घेतली जात नाहीं, त्या घरांतहि असें एखादें पुस्तक सांपडतें, आणि विशेष हें कीं तें वाचलेलें असतें. त्यांतील ओळींखालीं शिसपेन्सिलीच्या रेघा ओढलेल्या असतात. जें साहित्य इतक्या निष्ठेनें वाचलें जातें, त्याकडे टीकाकारानें नाक मुरडून पाठ फिरवावी हें त्याच्या व्यवसायास शोभत नाहीं.

या साहित्याचें अर्धें अंग छापील आहे व अर्धें बोलकें आहे. पुस्तक हें निमंत्रण. खरा प्रयोग व्हावयाचा तो सभागृहांत. या प्रयोगास 'सेमिनार' असें नांव असून तो दोन-दोन, तीन-तीन दिवस चालतो. त्यास आतां एकेकट्या माणसांप्रमाणेंच नवराबायकोहि जोडीनें हजेरी लावूं लागलीं आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय ही जोडी आहे. पैशाचा प्रश्न हा मूलतः एकेका व्यक्तीच्या मनाचा प्रश्न आहे, या गृहीतावर हें सर्व साहित्य उभारलेलें आहे. त्याच्या मंडपांत दोन माणसें एकमेकांशेजारीं येऊन बसलीं म्हणजे त्या गृहीताचें काय होतें, हें पाहण्याजोगें आहे.

या प्रकाराची वंशावळ लांबवर जाते. अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँकलिन यानें आपल्या पंचांगाच्या १७५८ सालच्या अंकास जी प्रस्तावना जोडली, ती पुढें 'द वे टु वेल्थ' या नांवानें जगभर गाजली. तींत एक वृद्ध गृहस्थ बाजारांत जमलेल्या लोकांस उद्योग व काटकसर यांवर प्रवचन देतो. फ्रँकलिनची खरी करामत प्रवचनाच्या शेवटीं आहे. लोक तें सारें ऐकून घेतात, माना डोलवितात, आणि शेजारीं लिलाव सुरू होतांच उपदेशाच्या नेमकें उलट वागून वाटेल तें विकत घेत सुटतात. एकटा निवेदक तेवढा नव्या कोटाचा बेत रद्द करून घरीं जातो. या साहित्याच्या आदिपुरुषास स्वतःच्या उपदेशाकडे पाहून हंसतां येत होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण त्याच्या वारसांनीं त्याची संपत्ति घेतली, पण हें हंसूं घेतलें नाहीं. इंग्लंडांत सॅम्युअल स्माइल्स याचें 'सेल्फ-हेल्प' १८५९ सालीं निघालें. त्यांतहि उपदेश हाताला आहे: पहांटे उठ, काम कर, कर्ज काढूं नकोस, मिळेल त्यांतून चार पैसे बाजूस टाक. हा उपदेश रुक्ष असेल, गरिबाच्या अडचणींविषयीं कठोरहि असेल. परंतु तो पाळला कीं नाहीं हें संध्याकाळीं मोजून पाहतां येतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या उपदेशानें हात सोडून मन धरलें. न्यू इंग्लंडमधील फिनियस क्विंबी या घड्याळजीनें रोग हा चुकीच्या समजुतींतून उद्भवतो असें प्रतिपादन केलें. तो १८६६ सालीं वारला. पण त्याच्या मताभोंवतीं 'नवविचार' पंथ वाढला आणि जें रोगास लागू तें दारिद्र्यासहि लागू, असा निष्कर्ष त्यांतून निघाला. वॉलेस वॉटल्सचें 'द सायन्स ऑफ गेटिंग रिच' १९१० सालचें. नेपोलियन हिल याचें 'थिंक अँड ग्रो रिच' १९३७ सालचें. हवी असलेली रक्कम नक्की करावी, ती मिळण्याची तारीख ठरवावी, तें सर्व कागदावर उतरावें, आणि रात्रीं निजतांना व सकाळीं उठतांना मोठ्यानें वाचावें, असा विधि हिल यानें घालून दिला आहे. रॉन्डा बर्न या बाईंचें २००६ सालचें 'द सीक्रेट' हें त्याच परंपरेंतलें. वॉटल्सचें पुस्तक हातीं पडल्यापासून आपल्या शोधास आरंभ झाला, असें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. संध्याजपाची संवय असलेल्या आपल्या समाजास हा विधि परका वाटला नाहीं, यांत नवल नाहीं. मात्र आपला जप फळाची तारीख घालून देत नसे.

आतां या साहित्यांतील दांपत्याकडे वळूं. रसेल कॉनवेल हा फिलाडेल्फिया येथील धर्मोपदेशक. टेंपल विद्यापीठाचा तो संस्थापक. 'एकर्स ऑफ डायमंड्स' हें त्याचें व्याख्यान त्यानें सहा हजारांहून अधिक वेळां दिलें. त्याची मुख्य कथा अशी: सिंधु नदीपासून जवळच राहणारा अली हफेद नांवाचा एक सुखवस्तु शेतकरी होता. एका भिक्षूनें त्यास हिऱ्यांची महती सांगितली, त्या रात्रीं त्याची झोंप उडाली, आणि शेत विकून तो हिऱ्यांच्या शोधार्थ देशोदेशीं भटकला. अखेर दरिद्री होऊन त्यानें स्पेनच्या किनाऱ्यावर समुद्रांत देह टाकला. इकडे त्यानें विकलेल्या शेतांतच हिरे सांपडले, आणि तीच गोवळकोंड्याची खाण! भूगोलाची ही थट्टा क्षम्य मानूं; गोवळकोंडा ही बाजारपेठ होती, हिरे निघत ते आपल्या महाबळेश्वरीं उगम पावणाऱ्या कृष्णेच्या दूरच्या तीरावरील कोल्लूरसारख्या गांवीं, आणि तेथून सिंधु नदी शेंकडों कोस दूर. परंतु कथेंतील दुसरी एक चूक तितकी क्षम्य नाहीं. घर सोडतांना अली हफेद आपलें कुटुंब शेजाऱ्याच्या हवालीं करतो. बस्स! यानंतर त्या कुटुंबाचा उल्लेख नाहीं. शेत विकलें गेलें तेव्हां त्याच्या बायकोस कोणी विचारलें काय? पैसे तो बरोबर घेऊन गेला, मग ती जगली कशावर? हिरे निघाले तेव्हां ती त्याच शिवारांत कोणाच्या घरीं दळणकांडण करीत होती काय? हजारों श्रोत्यांपैकीं हे प्रश्न कोणास पडले असतील तर ते बहुधा मागच्या रांगेंत बसलेल्या बायकांस.

ही उणीव एका कथेपुरती नाहीं. ती या साहित्याची प्रकृति आहे. हिलच्या ग्रंथांत स्त्री येते ती पुरुषाच्या महत्त्वाकांक्षेस इंधन म्हणून; तिला प्रसन्न करण्याची इच्छा हीच पुरुषाची सर्वांत मोठी प्रेरणा, असें तो सांगतो. रॉबर्ट कियोसाकी यांचें १९९७ सालचें 'रिच डॅड पुअर डॅड' मराठींतहि आलें आहे. त्याच्या नांवांतच दोन बाप आहेत: एक शिकलेला व निर्धन, दुसरा व्यवहारी व सधन. निर्धन बाप शिक्षणखात्यांतला असल्यामुळें आम्हां अध्यापकांस तें पुस्तक वाचतांना आरशांत पाहिल्यासारखें होतें, हा भाग वेगळा. पण पैसा म्हणजे काय यावर त्यांत जो वाद चालतो, तो बापाबापांचा आहे. त्यांत आईचा पक्ष म्हणून कांहीं नाहीं. महिनाअखेर ज्या हातानें भागविली जाते त्या हाताचें मत पैशाच्या शास्त्रांत नोंदलें जाऊं नये, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे.

या पार्श्वभूमीवर टी. हार्व्ह एकर यांचें २००५ सालचें 'सीक्रेट्स ऑफ द मिलिअनेअर माइंड' हें पुस्तक एक पाऊल पुढें आहे, हें मान्य केलें पाहिजे. प्रत्येकाच्या मनांत पैशाविषयीं बाळपणींच एक नकाशा कोरला जातो. घरांत कानांवर पडलेले बोल, डोळ्यांनीं पाहिलेलें आईबापांचें वागणें आणि एखादा जिव्हारीं लागलेला प्रसंग, यांतून तो बनतो, असें त्यांचें म्हणणें आहे. नवराबायकोचीं भांडणें पैशापायीं होतात असें दिसतें, पण वस्तुतः तीं दोन नकाशांच्या विसंगतींतून होतात, हेंहि ते सांगतात. पुस्तकाबरोबर त्यांच्या वर्गाचा विनामूल्य प्रवेश देऊं केलेला आहे, आणि तो एका नव्हे, दोन माणसांचा आहे. अली हफेदची बायको इतक्या वर्षांनीं मंडपांत आली ती अशी.

प्रस्तुत लेखक कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका वर्गास सपत्नीक जाऊन आला आहे. तो वर्ग कोणाचा होता हें सांगण्याचें कारण नाहीं. असे वर्ग पुष्कळ आहेत. एका हॉटेलाच्या दिवाणखान्यांत तीनएकशें माणसें होतीं. गाणीं होतीं, टाळ्या होत्या, छातीवर हात ठेवून म्हणावयाच्या प्रतिज्ञा होत्या. पहिल्या दिवशीं दुपारीं जोडप्यांस समोरासमोर बसवून सांगण्यांत आलें कीं, पैशासंबंधींची आपली पहिली आठवण एकमेकांस सांगा. आमच्या सौभाग्यवतींनीं सांगितलें कीं, त्यांची आई तूरडाळीच्या डब्याच्या तळाशीं नाणीं पुरून ठेवी, डाळ उपसतांना तीं वाजूं नयेत म्हणून फडक्यांत बांधून. आणि त्यांच्या वडिलांस तीं अखेरपर्यंत कळलीं नाहींत. अठ्ठावीस वर्षांच्या संसारांत ही आठवण मीं प्रथमच ऐकली. आमच्या घरीं महिन्याचा हिशेब लिहितांना बाईंच्या आंकड्यांत नेहमीं थोडी फट कां राहते, याचा उलगडा मला त्या क्षणीं झाला. आजूबाजूस पाहिलें तर अनेक जोडपीं डोळे पुशीत होतीं. शेजारच्या एका तरुणानें आपल्या डोक्यावरील कर्जाचा खरा आंकडा बायकोस तेथेंच सांगितला असावा, असें तिच्या चेहऱ्यावरून वाटलें. तो तास व्यर्थ होता असें मी कधींहि म्हणणार नाहीं. घरच्या पैशाविषयीं बोलण्यास आपल्या सुशिक्षित समाजांत जागाच उरलेली नाहीं. ती जागा कोणी भाड्यानें कां होईना, पण उपलब्ध करून देत असेल, तर त्याचे आभार मानले पाहिजेत.

परंतु दुसऱ्या दिवशीं त्याच तासाचें पीक कापण्यांत आलें. तुम्हांस मागें ओढणारा विचार कोणता आणि तो तुम्हांस कोणाकडून मिळतो, हें लिहा, अशी आज्ञा झाली. मग सायंकाळीं पुढच्या वर्गाची घोषणा झाली. किंमत भारी होती, पण 'आज आणि येथेंच' ती निम्मी होती. कांहीं बायका, व कांहीं नवरेहि, म्हणाले कीं घरीं जाऊन विचार करतों. त्यावर व्यासपीठावरून उत्तर आलें कीं, 'घरीं जाऊन विचार करतों' हेंच गरीब मनाचें वाक्य होय! जोडीदार कचरत असेल तर त्याचा जुना नकाशा बोलत आहे असें समजा. त्या क्षणीं त्या दिवाणखान्यांत जें घडलें तें माझ्या मतें या साहित्याचें संपूर्ण परीक्षण आहे. आदल्या दिवशीं ज्या आठवणी माणसांनीं एकमेकांस विश्वासानें दिल्या होत्या, त्या आतां एकमेकांविरुद्ध पुरावा म्हणून वापरल्या जात होत्या.

आपल्याकडील कीर्तनाशीं या प्रयोगाचें रूप फार जुळतें. पूर्वरंग आहे, उत्तररंग आहे, आख्यान आहे, श्रोत्यांकडून नामघोष आहे. शेवटीं आरतीचें ताटहि फिरतें. पण कीर्तनाच्या ताटांत कोणी पैसा टाको, कोणी सुपारी टाको, कोणी नुसतें निरांजनावरून हात फिरवून कपाळास लावो, हरिदास त्याच्या श्रद्धेचें माप काढीत नाहीं. येथें ताटावर आंकडा लिहिलेला असतो आणि तें पुढें ढकलणारास अश्रद्ध ठरविलें जातें. फ्रँकलिनच्या कथेंत प्रवचनकार एकीकडे होता व लिलाव दुसरीकडे. प्रवचनकार लिलावापासून लोकांस परावृत्त करीत होता. आतां प्रवचनकारच हातोडा घेऊन उभा आहे.

हा केवळ व्यापाऱ्याचा धूर्तपणा असता तर टीकाकारास त्यांत लक्ष घालण्याचें कारण नव्हतें. दोष सिद्धांतांतच आहे. धन हें विचाराचें फळ, असें एकदां मानलें कीं, धन न मिळाल्यास विचारांत खोट होती हें ओघानेंच आलें. पगार किती, शेतास पाणी आहे कीं नाहीं, घरांत दुखणें आहे काय, गिरणी चालू आहे कीं बंद पडली, हे सर्व प्रश्न गळून पडतात. विल्यम जेम्स या तत्त्ववेत्त्यानें १९०२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्सपीरियन्स' या ग्रंथांत मनोबलाच्या या पंथाचा फार समतोल विचार केला आहे. त्यापासून अनेकांस खराखुरा लाभ होतो हें त्यानें मोकळेपणें कबूल केलें. पण दुःख पाहूं न शकणारी दृष्टि अपुरी असते, आणि खचलेल्या जीवास दिसणारें सत्य अधिक व्यापक असतें, असाच त्याचा निर्णय आहे. बार्बरा एहरनराइख या लेखिकेस कर्करोग झाला असतां आनंदी राहण्याची जी सक्ती अनुभवास आली, तिच्यापासून आरंभ करून तिनें २००९ सालच्या 'ब्राइट-सायडेड' या ग्रंथांत तीच गोष्ट अधिक तिखट शब्दांत मांडली. रोग बरा झाला नाहीं तर रोग्याच्याच मनांत खोट! एकट्या माणसाच्या बाबतींत हा सिद्धांत त्यास अपराधी बनवितो. दांपत्याच्या बाबतींत तो याहून वाईट करतो. तो अपराधी शोधण्याची सोय करून देतो. माझें मन तर शुद्ध आहे, मी रोज प्रतिज्ञा म्हणतों, मग धन येत कां नाहीं? उत्तर शेजारींच निजलेलें असतें.

येथें थोर साहित्य आपणांस काय दाखवितें तें पाहावें. पुन्हा फ्रँकलिनकडेच जाऊं. त्याच्या आत्मचरित्रांत एक लहानसा प्रसंग आहे. तो सकाळीं मातीच्या भांड्यांतून प्यूटरच्या चमच्यानें दूध-पाव खात असे. एके दिवशीं पाहतो तों चिनी मातीचा वाडगा आणि चांदीचा चमचा! त्याची बायको डेबोरा हिनें त्यास न सांगतां तेवीस शिलिंगांस तीं विकत घेतलीं होतीं. शेजाऱ्यांच्या नवऱ्यांइतकीच आपल्या नवऱ्याचीहि योग्यता आहे, एवढेंच तिचें समर्थन. काटकसरीचा हा महागुरु त्यावर बायकोस व्याख्यान देत नाहीं. आपल्या घरांत चैन कशी शिरली हें तो मिष्किलपणें नोंदवितो. हीच डेबोरा त्याच्या दुकानांत बसे, चोपड्या शिवी, कागदासाठीं चिंध्या गोळा करी. तिनें केलेला खर्च हा तिच्या मनाचा रोग नव्हता. तें तिचें प्रेम होतें, आणि त्याची किंमत तेवीस शिलिंग होती. अशा आंकड्याचा अर्थ कोणत्याहि नकाशांत सांपडत नाहीं.

इब्सेनचें 'अ डॉल्स हाउस' हें १८७९ सालचें नाटक आपल्याकडे अनंत काणेकर यांनीं 'घरकुल' या नांवानें आणलें. त्याचा सांगाडा पैशाचाच आहे. नवऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं नोरा चोरून कर्ज काढते, त्यासाठीं बापाची खोटी सही करते, आणि स्वतःच्या कपड्यांतून, रात्रींच्या नकलनविशींतून तें फेडीत राहते. नवऱ्यास तें कळतें तेव्हां त्याचें प्रेम किती खोल होतें हेंहि तिला कळतें. मग ती त्यास टेबलाशीं बसवून सांगते कीं, आठ वर्षांच्या संसारांत आपण प्रथमच गंभीरपणें बोलत आहोंत. दिवाणखान्यांतील त्या पहिल्या दुपारीं जें घडलें तें याच जातीचें होतें. फरक इतकाच कीं, इब्सेन त्या बोलण्यानंतर कांहीं विकावयास आणीत नाहीं. बोलणें कोठें जाईल हें तो बोलणारांवर सोडतो, आणि म्हणूनच तें खरें वाटतें.

आणि आपल्या घरचें उदाहरण पाहिजे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'हून श्रेष्ठ तें कोणतें? १९३४ पासून भागाभागानें निघालेल्या या ग्रंथांत पैशाविषयीं दोन अत्यंत भिन्न स्वभावांचें एक दांपत्य आहे. नारायण वामन टिळकांच्या हातांत पैसा ठरत नसे. कोणी गरजू भेटला कीं तो त्याचा झाला. चूल पेटविण्याची जबाबदारी मात्र लक्ष्मीबाईंची. एकरच्या भाषेंत सांगावयाचें तर असे विसंगत नकाशे शोधून सांपडावयाचे नाहींत. टिळकांच्या धर्मांतरानंतर तर दोघें कांहीं वर्षें वेगळींच राहिलीं. तरीहि त्या संसारांतून अनाथ पोरें वाढलीं, कविता वाढली, आणि मराठींतील एक अजोड आत्मचरित्र जन्मास आलें. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या उधळेपणावर टीका करतात, त्यास हंसतात, त्यापायीं रडतातहि. परंतु त्या आपला संशय गिळून टाकीत नाहींत, आणि नवऱ्याचें मन दुरुस्त करण्याचा कारखानाहि काढीत नाहींत. दोघांचे स्वभाव पानोपानीं एकमेकांवर आदळतात आणि त्या आघातांतूनच प्रकाश पडतो. एकविचारी दांपत्याचें आत्मचरित्र पांच पानांत संपलें असतें.

तेव्हां या साहित्याविषयीं आमचा निर्णय असा आहे. त्यानें विचारलेला प्रश्न खरा आहे. पैसा आपल्या घरांत कोणत्या शब्दांत बोलला गेला, कोणत्या डब्यांत लपविला गेला, हें नवराबायकोनें एकमेकांस सांगावें हें इष्टच नव्हे, आवश्यक आहे. आणि हा प्रश्न आमच्या कादंबरीकारांनीं अधिक वेळां विचारला असता तर लोकांस तो हॉटेलांत जाऊन विकत घ्यावा लागला नसता. त्यानें दिलेलें उत्तर मात्र खोटें आहे. दोन मनें एका इच्छेंत विरघळून गेलीं कीं धन येतें, असें तें सांगतें. संसार चालतो तो दोघांपैकीं एकजण केव्हां तरी 'थांबा, पुन्हा मोजूं' असें म्हणतो म्हणून. आपल्या जुन्या धर्मशास्त्रानेंहि स्त्रीधन वेगळें मानलें होतें. तें अपुरें होतें, त्याची पायमल्लीहि पुष्कळ झाली. तरी एका घरांत दोन थैल्या असूं शकतात एवढें शहाणपण त्यांत होतें. दोन थैल्यांप्रमाणें दोन शंकाहि असाव्यात. व्यासपीठावरून जिला गरीब मनाचें लक्षण म्हणून हिणविण्यांत येतें, ती जोडीदाराची शंका हीच बहुतेक मध्यमवर्गीय घरांची खरी शिल्लक असते. ती खर्चून येईल असें कोणतेंहि धन तिच्या तोलाचें नाहीं.